पाळीच्या दुसऱ्या दिवशी पिवळा पट्टा

कराटेच्या क्लासला मी जायला लागले ती मुलीला सोडण्यासाठी. बेगडेवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक मंगल कार्यालय आहे. लग्नं नसतील तेव्हा आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथं क्लास भरायचा आणि मी कडेच्या खुर्चीवर फोन बघत बसायचे. महिनाभरानं सर म्हणाले, "नुसतं बसून काय करता, वॉर्मअप तरी करा." सर देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, अगदी कमी बोलणारे. त्यांनी एवढं मोठं वाक्य बोलल्यावर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. अशी मी अडतिसाव्या वर्षी शाळेतल्या मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. पुढं एकदा किक मारली आणि पाय खरोखरच कमरेच्या वर गेला. मुलगी म्हणाली, "आई, परत मार. मला वाटलं चुकून गेला."

पाळीचे चार दिवस मात्र मी क्लासला जात नसे. घरात कुणी अडवलं नव्हतं. पण ड्रेस पांढराशुभ्र, त्यात पाय डोक्यापर्यंत न्यायचे, समोर मुलगे, सर. टाकव्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते, तिथं आठ तास उभी असते, त्याचं कधी काही वाटलं नाही. क्लासचं मात्र वाटायचं. "आज जादा काम आहे," असा मेसेज मी सरांना दर महिन्याला न चुकता टाकायचे.

बाराव्या वर्षी मुलीला पाळी आली. मी तिला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बॅग भरलेली दिसली नाही म्हणून मी विचारलं.

"आता चार दिवस सुट्टी ना?" ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तूच घेतेस की."

त्या दिवशी दोघी घरीच राहिलो.

रविवारी टाकवे बुद्रुकला सासूबाईंकडे गेलो. भातलावणी चालू होती. सासूबाई सत्तरीच्या, आता शेतात उतरत नाहीत, पण बांधावर बसून सगळ्यांना सूचना देतात. नातीची बातमी त्यांना फोनवर कळली होती. मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तू काय करायचीस गं त्या दिवसांत?"

"काय करनार? भात लावायचं. लावनी कुनासाठी थांबती व्हय? दिवसभर गुडघाभर चिखलात वाकायचं. घरी आलं की सासू म्हनायची, चुलीला शिवू नको, देवाला शिवू नको." त्या हसल्या. "चुलीला इटाळ व्हायचा. चिखलाला कवा झाला न्हाई."

"दुखायचं नाही?"

"लय दुखायचं. मग जरा बांधावर बसायचं, बरं वाटलं की उठायचं. तुजा मास्तर बसू देतो का मधी?"

"माहीत नाही. विचारलंच नाही."

"मंग इचार की," सासूबाई म्हणाल्या, आणि हे बोलताना बघत मात्र माझ्याकडे होत्या.

पुढच्या महिन्यात माझी पाळी मुलीच्या आधी आली. दुसरा दिवस नेमका क्लासचा. मी मुलीला म्हटलं, "आज माझा दुसरा दिवस आहे आणि मी चाललेय. तू येतेस का?" ती आली, बहुतेक काय होतंय ते बघायलाच.

पांढऱ्या जॅकेटखाली काळी पँट घालून मी सरांसमोर उभी राहिले. "सर, मी जादा काम आहे म्हणून सांगत होते ते खोटं होतं. पाळी असते. आजही आहे. मी सराव करणार आहे, पण पँट काळी असेल आणि दुखलं तर मधे बसेन. मोठ्या मुलीही याच कारणानं सुट्टी घेतात. त्यांनाही हे चालेल का?"

सरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. "बरं," म्हणाले.

एवढंच. मला वाटलं, राग आला असावा. त्या दिवशी मी पोटाचे व्यायाम सोडले, दोनदा बसले आणि बाकी सगळं केलं. घरी येऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाले. पाठ नेहमीपेक्षा कमी दुखत होती, असं माझं मत. मुलगी म्हणाली, "तुला तसं वाटतंय फक्त."

दोन दिवसांनी ग्रुपवर सरांचा मेसेज आला: सरावाला गडद रंगाची पँट चालेल. मुलगे, मुली, सर्वांना. पुढच्या क्लासला सर स्वतः निळ्या ट्रॅकपँटमध्ये आले. ती त्यांच्या घोट्याच्या बरीच वर होती. कुणी हसलं नाही, म्हणजे त्यांच्या समोर नाही. पंधरा दिवसांत निम्मा हॉल काळा-निळा झाला आणि कुणी कधी कशासाठी काय घातलंय हे ओळखायची सोयच उरली नाही.

आम्हा दोघींची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा लोणावळ्याला, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. तिथं मात्र पूर्ण पांढरा ड्रेस सक्तीचा. मी कॅलेंडर पाहिलं, पुन्हा पाहिलं. परीक्षेचा दिवस म्हणजे माझा दुसरा दिवसच. दोन पॅड, वर सायकलिंग शॉर्ट्स, त्यावर पांढरी पँट, अशी मी निघाले. लोकलमध्ये मुलीनं विचारलं, "टेन्शन आलंय?" मी म्हटलं, "कशाचं, पाळीचं की परीक्षेचं?" ती म्हणाली, "तुझ्या मागच्या पायाचं. तो वाकतच नाही."

काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या चाली, मी नीट केला. मग लढतीला समोर कॉलेजची एक मुलगी आली. पहिल्या फेरीनंतर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, मागे डाग आहे."

"मोठा?"

"नाही, रुपयाएवढा."

पळून जावं असं क्षणभर वाटलं. दार पलीकडे होतं, तिथवर जायचं तर साऱ्या हॉलसमोरून जावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर दोन गुणांनी मी पुढं होते. "मग राहू दे," मी म्हटलं. "चल, ये." ती हसली आणि पुढच्याच मिनिटाला तिनं माझ्या बरगडीत असा ठोसा दिला की दोघींना डागाचा विसर पडला. लढत बरोबरीत सुटली.

परीक्षक एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी डाग पाहिला असणारच. त्यांनी मला जवळ बोलावलं तेव्हा मी जॅकेट मागून खाली ओढलं. त्या म्हणाल्या, "मागचा पाय वाकवा. बाकी छान." मुलगी माझ्याकडे पाहून नुसती भुवया उडवत होती.

पिवळा पट्टा मुलीला आणि मला, दोघींनाही मिळाला. बॅगेतली काळी पँट घालून शाळेच्या नळावर मी गार पाण्यात पांढरी पँट धुतली. मुलीनं दुसरं टोक धरलं आणि आम्ही ती पिळली. परतीच्या लोकलमधून सासूबाईंना फोन लावला, तर त्यांचा एकच प्रश्न होता, "कुनाला पाडलं का?" बरोबरी म्हणजे काय, हे त्यांना समजावताना कामशेत आलं.

आता मुलगी त्या दिवसांत कधी जाते, कधी पांघरूण ओढून झोपते. सरांना ती कारण खरं सांगते आणि सर "बरं" म्हणतात.