दुर्बिणीच्या रांगेतली हलगी

"अरे, हिच्या हातात हलगी द्या! हलगी कुठाय? हिला तिकडं कुणी उभं केलं?"

माईकवरून ओरडणं चाललं होतं. सांगलीतला तो हॉल पोरांनी आणि आईबापांनी फुगलेला. ओरडणाऱ्या बाई म्हणजे शिबिराच्या संचालिका. अंगावर हातमागाची साडी, कपाळावर भलंमोठं कुंकू, आवाजात गूळ. आणि जिच्यासाठी त्या ओरडत होत्या ती माझी पोरगी. आकाशदर्शनाच्या पाटीखाली, दुर्बिणीच्या रांगेत, शहाण्यासारखी हात मागं बांधून उभी.

पद्धत अशी होती. आठवीला हायस्कुलात जाणाऱ्या पोरांचं उन्हाळी शिबिर, कोयनानगरला राहायला. त्याच्या आधी सांगलीत निवड. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या: आकाशदर्शन, यंत्रमानव, वक्तृत्व आणि लोककला. पोरानं आपल्या पायानं चालत जायचं आणि आवडंल त्या पाटीखाली उभं राहायचं. आईबापानं खुर्चीतून हलायचं नाही, डोळ्यानं खुणा करायच्या नाहीत. 'निवड मुलांची' असं भिंतीवर रंगवलेलं. मी भाळले ती ह्याच एका गोष्टीवर.

मी मिरजेत एका दवाखान्यात सिस्टर आहे, आयसीयूत. माझा आवाज असा, की पेशंट बेशुद्ध असला तर डॉक्टर मला फक्त त्याच्या नावानं हाक मारायला लावतात. माणूस उठून बसतो, वर चप्पल शोधतो. बिल मात्र इंजेक्शनचं लागतं. तर अशा आवाजाची मी बाई, उन्हाळा लागल्यापासून पोरीला घेऊन शिबिरं बघत हिंडले. साताऱ्याकडं एक रिटायर सुभेदार पोरांना उसाच्या फडातनं कोपरांवर सरपटायला लावायचे. तिथनं परत आलेलं आमच्या शेजारचं पोरगं आजही आमटी वाढली की सावधानमध्ये उभं राहतं. दुसऱ्या एका ठिकाणी व्यक्तिमत्त्व विकास होता. तिथं काट्याचमच्यानं पुरणपोळी खायला शिकवत होते. पुरणपोळी! एकजण तर म्हणाला, "आमच्याकडं मुलं डोळ्याला पट्टी बांधून पुस्तक वाचतात." मी म्हणलं, "डोळे उघडे ठेवून वाचतील असं काही हाय का?"

पोरीला पाहिजे होता शनी. पुस्तकात त्याची कडी बघितल्यापासून तिनं माझं डोकं खाल्लं होतं. चित्रातला नको, खरा पाहिजे. आता आमच्या मिरजेत सतार पाहिजे तर मिळंल, किडनी बदलून मिळंल, पण मोठी दुर्बीण कुठनं आणायची? ती ह्या शिबिरात होती. म्हणून आम्ही ह्या शिबिरात.

पाटी ठरली, रांग लागली, पोरगी हसत होती. तेवढ्यात संचालिकाबाई एकेकाचं नाव विचारत आल्या. पोरीनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. बाई थांबल्या. "आईचं माहेर कुठलं?" पोरीनं माझ्या गावाचं नाव घेतलं. बाईंनी मान वळवून मला हुडकून काढलं आणि हातातला माईक चालू ठेवूनच ओरडल्या,

"अगंबाई! तू आमच्या हलगीवाल्याची मुलगी ना?"

आमच्या.

मीही तेव्हाच ओळखलं. आमच्या गावातल्या मोठ्या घराची ही सून. ज्यांचा ऊस नजर पोचंल तिथपर्यंत, त्या घरची. हिच्या लग्नात माझा बा वाजवत होता. आम्ही मातंग. हलगी आमच्या बापानं वाजवायची, हे गावानं ठरवलेलं. तिथं कुठल्या पाट्या नव्हत्या आणि कुठली निवड नव्हती.

वैशाखातलं ऊन होतं. बा गेटवर उभा. पाहुण्यांची गाडी आली की वाजवायचं. गाड्या काही संपत नव्हत्या. मी पाचटाचा जाळ करायची, बा हलगीचं कातडं त्यावर शेकायचा, परत वाजवायचा. जरा थांबला की आतनं कुणीतरी खेकसायचं, "ए, वाजव की! मेलास काय?" सगळा गाव जेवला. पत्रावळी उचलल्या. मग आमचं वाढणं आलं. गेटच्या बाहेर, मातीत कागद टाकून. वाढणाऱ्यानं बुंदी हातभर उंचावरून सोडली, शिवाय नाकाला रुमाल. निम्मी बुंदी धुळीत गेली. बा ती वेचून, फुंकून मला देत होता. त्याची बोटं सुजून गाजरासारखी झाली होती. आणि पायरीवर नवी नवरी उभी. शालू नेसलेली, हसरी. माझ्या बाच्याकडं बोट करून म्हणाली, "किती गोड वाजवतो, नाही हा?"

हा. तिच्या बापाच्या वयाचा माझा बा. 'हा'.

बा गेला त्याला बरीच वर्षं झाली. जिवंत होता तोवर त्यानं मला हलगीला हात लावू दिला नाही. "बोट लावलंस तर बोट मोडीन," म्हणायचा. ती बोटं आज सलाईनच्या सुया लावतात. माझ्या पोरीनं तर हलगी बघितली ती फक्त मिरवणुकीत, लांबनं.

बाई जवळ आल्या. माझा हात हातात घेतला. आता शिवत होत्या! दिवस बदलले म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं.

"हिला लोककलेत टाकते मी. अगं, तुमच्या रक्तातच असतं ते. आमच्या मुलांना मेहनत घेऊन येत नाही, तुम्हाला उपजत. आणि मुलीनं हलगी वाजवायची म्हणजे काय फोटो येईल! तुमच्याच समाजाचं नाव होईल."

सगळा हॉल वळून बघत होता. कौतुकानं. ते कौतुकच वाईट. शिवी दिली असती तर मी परत दिली असती, व्याजासकट. पण ही हसत होती. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं?

"जी, वहिनीसाहेब."

जी! आयसीयू हलवणारी बाई मी, सर्जनला दारात उभं करणारी. कुठनं आला तो शब्द? तोंडात पाल गेल्यागत झालं. थुंकावंसं वाटलं, पण थुंकणार कुठं, शब्द माझाच होता. तिची किळस आली त्याच्या दुप्पट माझी आली.

एका स्वयंसेवकानं पोरीच्या हातात हलगी कोंबली. पोरीनं ती ताटासारखी धरली. काड्या कुठल्या हातात घ्यायच्या तेही तिला ठाऊक नव्हतं. मागनं कुणीतरी म्हणालं, "लाजतीय बघा." टाळ्या पडल्या. इकडं दुर्बिणीच्या रांगेत तिच्या जागेवर दुसरं पोरगं सरकलं. पोरगी रडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नुसतं. 'आई, तू जी का म्हणलीस?' असं विचारल्यागत बघितलं.

मग आवाज आला माझा.

"ठेव ती खाली!"

लोक आता काहीही सांगतात. पंखे थांबले म्हणतात. गणपतीच्या देवळावरची कबुतरं हरिपुरापर्यंत उडाली म्हणतात. मिरजेत माझ्या वॉर्डातल्या म्हातारीनं झोपेतच "आले सिस्टर" म्हणलं, ते मात्र मी शपथेवर सांगते. पोरीनं हलगी खुर्चीवर ठेवली. आपटली नाही. सावकाश ठेवली.

"आवं वहिनी," मी म्हणलं. साहेब गळून पडला होता. "भिंतीवर निवड पोरांची लिवलंय. पोरीनं निवडलंय. तुमी कोण बदलणार?"

"अगं, तिथं जागा नाही आता."

"माझ्या पोरीला उचलल्यावर झालेली जागा हाय ती. माझ्या डोळ्यादेखत भरली."

"हे बघ, जात मधे आणू नकोस. कलेला जात नसते."

"व्हय? मग तुमचा मुलगा कुठाय? द्या की त्याच्या हातात. गळ्यात अडकवा, आणि वाजवू दे दिवसभर."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाईंचा मुलगा वक्तृत्वाच्या पाटीखाली होता, त्यानं मान खाली घातली. पोराचा काही दोष नव्हता. पण आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतकं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या गळ्यात हलगी! तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा तीच किळस बघितली, जी नाकावरच्या रुमालामागं असते. माझ्यासाठी तेवढं बास झालं.

"फार कडवट झालीस गं तू," बाई म्हणाल्या.

"गोड वाजवणारा मेला," मी म्हणलं. पोरीचा हात धरला आणि निघाले.

बसमध्ये पोरीनं एकच विचारलं, "शनी गेला का मग?" खोटं सांगायचं माझं कसब दांडगं आहे, पण त्या वेळी जीभ उचलली नाही. मनात एवढं मात्र पक्कं झालं. माझ्या घरातलं कुणी काय वाजवंल, काय बघंल, कुठं उभं राहील, हे पुन्हा त्या गेटच्या आतली माणसं ठरवणार नाहीत. हसून ठरवलं तरी नाही. हात हातात घेऊन ठरवलं तर अजिबातच नाही. आणि 'जी' हा शब्द बाच्या चितेवर जळायचा राहून गेला होता, तो मी त्या बसच्या खिडकीतनं टाकला.

त्या रात्री मी पोरीला गेटवरच्या बाची सगळी गोष्ट सांगितली, धुळीतल्या बुंदीसकट. दोन-चार दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाजात परत गूळ. आकाशदर्शनात एक जागा झालीय म्हणाल्या. दुर्बीण, शनी, सगळं. फक्त समारोपाला पोरीनं हलगी घेऊन जरा वेळ उभं राहायचं, वाजवली नाही तरी चालंल. पाहुण्यांना तसं सांगून ठेवलंय.

माझ्या ओठांवर एक उत्तर आलं होतं, ते छापायच्या लायकीचं नाही. पण निवड पोरीची. मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढं ठेवला. ती वहीला कव्हर घालत होती. शनीचं नाव तिनं ऐकलं. हात थांबला तिचा.

"मॅडम," ती म्हणाली, "मला कुठं उभं करणार?"

"गेटवर, बाळा. पाहुण्यांच्या स्वागताला."

"मग मी येत नाही."