ओढणीनं पुसलेलं वाक्य

काल आमच्या मॅडमनी फळ्यावरचं वाक्य ओढणीनंच पुसलं. डस्टर शोधायलाही थांबल्या नाहीत. गरिबीचा अभ्यास करणाऱ्या आमच्या संस्थेच्या त्या प्रमुख. देशोदेशीचे संशोधक त्यांचा शब्द मानतात. ‘शिलाई मशीन मिळालं की घरात बाईचं ऐकलं जातं,’ हा त्यांचाच निष्कर्ष तिथं लिहिलेला होता.

घरोघर जाऊन प्रश्न विचारणं हे माझं काम. वर्षभर गिळलेलं काल अखेर बोललो, “मॅडम, बारा घरांत मी गेलोच नाही. उन्हाला कंटाळून टपरीवर बसलो आणि उत्तरं मनानंच भरली.”

“त्या बायका काय म्हणाल्या असत्या?”

“ठाऊक नाही.”

“मग मलाही नाही,” म्हणत त्या उठल्या.

“अहो, अहवाल छापायला गेलाय!” एक संशोधक कळवळला.

“परत मागव.”

मान खाली होती, तरी ऊर भरून आला. आपलंच लिहिलेलं इतक्या सहज पुसणारी माणसं किती असतील? त्यांच्यासोबत मी काम करतो, हे आजवर नीट कळलंच नव्हतं.

आज त्या बारा घरांतल्या पहिल्या घरी गेलो. मशीनवर बसलेल्या बाईंना विचारलं, “ताई, घरात तुमचं ऐकतात का?”

“थांबा हं,” त्या म्हणाल्या, “यांना विचारून सांगते.”

मी तसंच लिहून घेतलं.