रेवाच्या टोप्या

धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा स्पर्श मला आता सोसवत नाही. चेन्नईच्या त्या दमट, घामेजल्या उन्हाळ्यात रेवाच्या केस गेलेल्या डोक्याला दुसरं काही चालतच नसे. विकतच्या टोप्या टोचत. म्हणून माझी जुनी साडी फाडून मी तिला टोपी शिवली. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरची छोटी सेल्वी टोपीकडे टक लावून पाहत राहिली, तेव्हा माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, हिलाही शिव. पण माझ्यापेक्षा छान नको."

रेवा गेली आणि तिचं ते वाक्य लोकांनी उचललं, अर्धंच. नवऱ्याचे ओरगडमच्या कारखान्यातले सहकारी, टी. नगरचा एक साडीवाला, आमच्या इमारतीतल्या बायका, सारे जमले. कर्करोगाच्या वॉर्डावॉर्डांत टोप्या जाऊ लागल्या. प्रत्येक पाकिटावर दोन वेण्या घातलेली, हसरी रेवा. "ती आता कितीतरी मुलांमध्ये जगतेय," असं मला सांगतात. तिला असं विखरून जगायचं होतं का? तिला चौथीत जायचं होतं. परोपकार उदात्त असतो हे मी जाणते. पण आपल्या लेकराच्या मरणातून उगवलेल्या परोपकाराचे आभार मानताना जिभेवर जो कडवटपणा पसरतो, त्याला कोणत्या भाषेत शब्द आहे?

तरीही दर गुरुवारी टोप्या घेऊन मी वॉर्डात जाते, कारण विकतच्या टोप्या त्या मुलांनाही टोचतात.

मागच्या गुरुवारी तंजावरहून आलेल्या एका आईने पाकिटावरच्या फोटोवर बोट ठेवून तमिळमध्ये विचारलं, "तुमची मुलगी?"

"हो."

"बरी झाली ना?"

तिच्या मांडीवर तिचा तीन वर्षांचा मुलगा निजला होता. मी म्हणाले, "झाली."

"आता कितवीत आहे?"

"सहावीत."

एका असत्याने माझी लेक तीन इयत्ता पुढे गेली. या गुरुवारी ती बाई आणखी दोघी आयांना घेऊन माझी वाट पाहत उभी होती. "हिची मुलगी बरी झाली," ती त्यांना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तिला काय खायला घालत होता?"

"मुगाची पेज," मी म्हणाले. "वर थोडं तूप."

त्यांच्यातल्या एकीने ते औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. शेवटच्या महिन्यात रेवाला ती पेज गिळतासुद्धा येत नव्हती.