हिरॉईन सासरी गेली का?

कापडाच्या चिंध्या आणि आमचे किस्से, दोन्ही सारखेच. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी मशीनखाली पुन्हा ढीग! धुळ्यात माझा शिवणक्लास आहे आणि तिथे दिवसभर मोबाईलवर पाकिस्तानी उर्दू सिरीयल चालायच्या. हसायला बसायचो आणि रडून उठायचो.

* * *

आम्ही सिरीयल बघत नाही, ऐकतो. डोळे टाक्यावर नकोत का? अवघड शब्दांचा अर्थ काजं-बटणं करणाऱ्या शाहीनआपा सांगतात. एका हिरोच्या आवाजावर तर सगळ्या फिदा! एकदा लाईट गेले, मशिनी थांबल्या, तेव्हा त्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं.

आपा म्हणाल्या, "लाईट आने दो बाई, आवाज ही अच्छा था!"

* * *

वंदनाची शिलाई आमच्यात सगळ्यात सफाईदार. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती एरंडोलहून माहेरी आलेली. सिरीयलची हिरॉईनही तशीच माहेरी आलेली, त्यामुळे वंदनाचे कान कायम तिकडे. हिरॉईनला थप्पड बसली त्या दिवशी हिने एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या!

गिऱ्हाईक भडकलं. वंदना शांतपणे म्हणाली, "ताई, उसवून देते. पण त्यानं मारायला नको होतं."

* * *

एक मुलगी मोबाईलवर फोटो घेऊन आली. साखरपुड्याला अस्साच कुर्ता हवा.

"अगं, हा तर तलाकच्या एपिसोडमधला!"

"असू दे ना काकू, कलर मस्त आहे!"

दिला शिवून.

* * *

एकदा त्या हिरॉईनची मुलाखत लागली. बाई खळखळून हसत होती. वंदना चिडलीच, थेट अहिराणीवर आली. "घर मोडनं आनि हाई हसस कशी?"

"अरे, वो तो उसका काम है," आपा म्हणाल्या.

"मंग तिनं बरं शे. तिले रडाना पैसा भेटस."



* * *

मग एक दिवस ते चॅनेलच आपल्याकडे बंद झालं. दोन देशांचं भांडण, मान्य! पण शेवटचा भाग राहिला ना! हिरॉईन माहेरच्या दारात उभी, बाहेर सासरची गाडी. जाणार की नाही? वंदना रोज विचारायची, "आपा, लागनं का?"

त्याच सुमारास तिचे वडील, नाना, क्लासात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊनं लगीन करनं शे. बहीण घरमा बशी राहिनी ते पोर कोन देई? जवाई लेवाले येल शे." वंदनाचा नवरा तिला न्यायला आला होता.

"नाना, तो मारतो हो तिला!" मी म्हटलं.

"आते शप्पथ लिधी शे त्यानी."

वंदनाने अर्धा शिवलेला ब्लाऊज घडी करून ठेवला आणि गेली. फार वाईट वाटलं.

* * *

महिन्याभराने तिचा फोन आला. आवाज दबका. आपांनी स्पीकर लावला.

"आपा, शेवटला भाग दखा का? ती सासरले गयी का?"

तो भाग आमच्यातल्या कोणीच पाहिला नव्हता. आपांनी माझ्याकडे बघितलं आणि बेधडक ठोकून दिलं, "नहीं गई! गाडी वापस भेज दी उसने!"

मग वंदनाने विचारलं, "मंग तिना मायबापनी तिले घरमा ठेवं?"