बेटावरचं मीटर

एकाच दिवशी मी दोन स्मार्ट मीटर बसवली आणि मोबाइलमध्ये नोंदवताना त्यांची अदलाबदल केली. एक काठावरच्या पिठाच्या गिरणीचं होतं, दुसरं बेटावर एकट्या राहणाऱ्या मावशींचं.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. समुद्र आमच्या जिल्ह्यानं पाहिलेला नाही. परंड्याकडं धरण झालं तेव्हा मावशींचं गाव उठून दुसरीकडं बसलं, टेकाडावरचं त्यांचं घर तेवढं पाण्याच्या वर राहिलं. पावसाळ्यात फुगवटा चढला की त्या टेकाडाचं बेट होतं. भर उन्हाळ्यात चिखलातून कशीबशी वाट निघते. तुमच्यापैकी कुणी एसटीनं त्या बाजूला गेलं असेल तर पाण्यात ओळीनं उभे असलेले विजेचे खांब दिसले असतील आणि वाटलं असेल, हे कुणासाठी? मावशींसाठी. त्या आता नाहीत. खांब आहेत.

स्मार्ट मीटर यायच्या आधी काही वर्षं मी त्यांच्याकडं दर महिन्याला रीडिंगला जायचो. जायला होडी नव्हती. गूळ करायची मोठी लोखंडी काहिल असते ना, ती पाण्यात सोडून एक मासेवाला वल्हवत न्यायचा. काहिल गोल. ती पुढं कमी जाते, स्वतःभोवती जास्त फिरते. बेटाला लागायची वेळ आली की नेमकी माझी पाठ बेटाकडं असायची. मावशी काठावर उभ्या राहून म्हणायच्या, "आगुदर तोंड इकडं करा, मंग बोला."

तोंड वळवून, चक्कर थांबवून मी मीटरकडं निघालो की पुढचं वाक्य यायचं, "बसा वो लाइटवाले. आकडा कुठं पळून चाललाय?"

आकडा खरंच जागचा हलत नव्हता. घरात बल्ब एक, आणि तोही मावशी लावत नसत.

"अंधारात चाचपडत कशाला बसता?" मी विचारायचो.

"चाचपडायचं काय त्यात? सगळं ठिकाणावर हाय."

मग शेळीच्या दुधाचा चहा. तो पिताना त्या पाण्याकडं हात करून मला गाव दाखवायच्या. "त्यो वाकडा खांब दिसतोय नव्हं, त्याच्या अलीकडं गावाची येस व्हती. येशीजवळ चिंच. चिंचंला झोळी बांधून पोराला निजवायचं अन् म्या खुरपायला जायची." मी मान डोलावायचो. मला खांब दिसायचा, फार तर खांबावरचा बगळा.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, लेकाकडं जावा की चाकणला. इथं काय आहे? नुसतं पाणी."

"तुमाला पाणी दिसतंय," त्या म्हणाल्या. "म्या गेल्यावर समद्यास्नी पाणीच दिसंल."

असं काही ऐकल्यावर माणसानं गप्प राहावं. मी विचारलं, चहात साखर कमी पडली का?

लेक एकुलता. चाकणच्या कंपनीत कामाला. तो म्हणायचा, आई, तू इकडं ये. त्या म्हणायच्या, तू ये. या ओढाताणीत दोन दिवाळ्या गेल्या आणि कुणीच कुठं गेलं नाही. मावशींकडं फोन होता, पण ज्वारीच्या डब्यात, बंद करून ठेवलेला. "चालू ठिवला की त्याची बॅटरी उतरती," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं लेकानं केलेला फोन कधीच लागायचा नाही. लेक येणार असला की त्या दिवशी काय करायचं ते मात्र त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही पाठ झालं होतं: अंगण सारवायचं, शेंगाच्या पोळ्या करायच्या आणि त्याला आधी जेवू घालायचं, भांडण मागनं.

मग मीटर बदलायचं काम निघालं. रीडिंगवाल्यांची गरज संपली आणि मी ठेकेदाराकडं मीटर बसवायला लागलो. नव्या मीटरला मोबाइलची रेंज लागते. बेटावर रेंज येते ती फक्त शेळ्या बांधायच्या कुडापाशी, म्हणून मीटर तिथल्या भिंतीवर बसवलं. मी स्क्रू आवळेपर्यंत एका शेळीनं मीटरचा खोका निम्मा खाल्ला होता.

हे लेकाला कळलं तसा त्याचा मला फोन. "भाऊ, ह्या मीटरचं रोजचं मोबाइलवर दिसतं म्हणे. मला चाकणला दिसेल का?" मी म्हटलं, का नाही दिसणार, आणि जोडून दिलं. काय जोडलं ते वर सांगितलंच आहे.

आठवड्याभरात पुन्हा फोन. "भाऊ, माझ्या आईनं तिथं कारखाना काढलाय का? सकाळी सुरू होतंय ते दुपारपर्यंत चालूच."

मी मोठ्या अधिकारानं सांगितलं की नवं मीटर बारीकसारीक वापरसुद्धा पकडतं. इकडं गिरणीवाला रोज मला हाक मारून चहा पाजत होता. मला वाटलं, माणूस सुधारला. त्याच्या मोबाइलवर सगळी गिरणी एका न लावलेल्या बल्बावर चालत होती, हे माझ्या ध्यानात यायला चार चहा लागले.

चूक दुरुस्त केली, आणि लेकाला खरं दिसलं. आकडा शून्य.

तो हादरला. त्यानं मला खास बेटावर पाठवलं. कुडापाशी उभं राहून मी माझा फोन मावशींच्या पुढं धरला. शेळ्यांच्या ओरडण्यात लेक मोठ्यानं बोलत होता, "आई, रोज संध्याकाळी बल्ब लावायचा. आकडा हलला की मला कळंल तू बरी हायेस. आन् एक दिवस जरी हलला न्हाय, तर मी काम टाकून येईन आन् तुला उचलून घेऊन जाईन."

"एकच दिवस?" मावशींनी विचारलं.

"एकच."

"बरं."

फोन बंद झाल्यावर त्यांनी मीटरजवळ जाऊन आत बघितलं. मग मला म्हणाल्या, "म्या बल्ब लावला की त्याला तितं दिसतं?"

"दिसतं की. लगेच नाही, पण दिसतं."

"म्या दिसते?"

"तुम्ही नाही, मावशी. आकडा दिसतो."

"हां," त्या म्हणाल्या आणि शेळ्यांना पाला टाकायला गेल्या.

पुढं सगळा पावसाळा त्यांनी इमानानं बल्ब लावला. काठावरून संध्याकाळी तो दिसायचा. मला जायचं काही कारण उरलं नव्हतं. बेटावर आपल्यावाचून मावशींना करमत नसणार, असं मला उगाच वाटायचं. महिन्याला चहा पिऊन गाव बघणारं दुसरं होतं तरी कोण?

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी लेकाचा फोन आला. आवाज उतरलेला. "दोन दिवस झाले, आकडा शून्य हाय. मला सुट्टी मिळंना. तुम्ही जरा बघून येता का?"

मी हातातलं काम टाकून काठावर गेलो. मासेवाल्याला काही सांगावं लागलं नाही. काल संध्याकाळी अंधार त्यानंही बघितला होता. काहिल फिरत राहिली आणि मी दर फेऱ्याला मान वळवून बेटाकडं बघत राहिलो. अंगणात कुणी दिसेना. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की ह्या भांड्यानं जरा सरळ चालावं.

बेटाला लागलो तर अंगण ताजं सारवलेलं. चुलीतून धूर निघत होता, शेंगदाणा भाजल्याचा वास येत होता. मावशी घरातून बाहेर आल्या, धुतलेलं लुगडं नेसून, डोईवरचा पदर सारखा करत. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं काहिलीत बघितलं. मासेवाला वल्हं टेकवून बसला होता. बाकी काहिल रिकामी.

मी मीटरपाशी गेलो. मीटर ठीक होतं, तार ठीक होती. मेन स्विच खाली पाडलेला होता.

"मावशी, हा कुणी पाडला?"

"म्या."

माझ्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर जुनी खोडही. मी हसून म्हटलं, "माझी एवढी आठवण येत होती तर मासेवाल्याकडं निरोप धाडायचा होता की."

"तुमची कशाला यील?" मावशी म्हणाल्या. "म्या लेकाला बोलावलं, अन् आलाव तुमी."