कायले पायजे पत्ता?

तुमच्या ओळखीची एक मुलगी गाव सोडून गेली आहे. एक दिवस वर्दीतला माणूस तुमच्या दारात येतो, बूट बाहेर काढतो, हात जोडतो आणि अदबीने विचारतो, "ती सध्या कुठे असते हो?" तुम्ही काय सांगाल?

उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न माझ्याबद्दल विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर माझ्याच माणसांनी दिलं होतं.

मी दिग्रस सोडलं ते बसस्टँडवरून नाही. यवतमाळच्या बससाठी सगळं गाव स्टँडवर जातं. आई आणि मी मात्र गावाबाहेर, दारव्हा रोडच्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो, कारण स्टँडवर ड्युटीला असणारा एक शिपाई त्याचा मित्र होता. सकाळ होती. कापसाचा हंगाम जोरात होता आणि जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना जागोजागी अडकला होता. आईने लग्नाला निघाल्यासारखी साडी नेसली होती. कुणी विचारलंच तर सांगायला सोपं जावं म्हणून. आणि विचारलंच, आमच्याकडे दूध घालणाऱ्या काकांनी.

"काय वहिनी, सकाळी सकाळी?"

"बोरीले चाललो, बहिणीकडे."

"मंग स्टँडवरून काहून नाही बसल्या?"

"तिथी जागा भेटत नाही."

"अन् इथी भेटते?" असं म्हणून काका हसत निघून गेले. खोटं बोलायची सवय नसलेल्या बाईचं खोटं असंच असतं.

बस दिसली तेव्हा आईने माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "पोचली की फोन नको करू. माह्या फोनवर तर करूच नको." पोरगी घराबाहेर पडली की पोचल्याचा फोन येईपर्यंत ही बाई तोंडात पाणी घ्यायची नाही. त्या दिवशी तिने मला उलटं सांगितलं. माझ्याकडून काय हिसकावून घेतलं गेलं होतं ते मला त्या वाक्याने कळलं.

तो कोण, हे सांगते. त्याचं नाव लिहीत नाही. घाबरून नव्हे, प्रकरण चालू आहे आणि माझ्या वकीलबाईंनी मला तेवढी एकच अट घातली आहे. आम्ही यवतमाळच्या एका अभ्यासिकेत भेटलो, दोघेही स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. महागावकडच्या एका खेड्यातला तो मुलगा, अबोल, स्वतःचा डबा दुसऱ्याला देणारा. आमचं प्रेम होतं. यात लपवण्यासारखं काही नाही आणि शरमेचंही काही नाही. तो पास झाला, प्रशिक्षण करून आला, शेजारच्या एका तालुक्यात फौजदार म्हणून रुजू झाला. मी परीक्षेचा नाद सोडून लिहायला लागले.

पहिल्यांदा त्याने फोनवर सहज विचारलं, "काल दारव्ह्यात काय करून राह्यलती?" मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. "लोकेशन काढलं तुझं," तो म्हणाला. बायकोसाठी गजरा आणल्याचं सांगावं तशा आवाजात. मग त्याला रोज माहीत असायचं. मी कुणाशी बोलले, किती वेळ, कुठे उतरले. चोर शोधायला सरकारने जे हातात दिलं, ते तो माझ्यावर वापरत होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आपलं नातं इथे संपलं. तो हसला. "फिर्याद अशी तोंडी मागे घेता येत नसते," म्हणाला.

मी सिम बदललं, त्याचा फोन नव्या सिमवर आला. माझी स्कूटी चौकाचौकात कागदपत्रांसाठी अडवली जाऊ लागली. माझ्या मैत्रिणीच्या भावाला 'विचारपूस' म्हणून ठाण्यात बसवून ठेवलं आणि सोडताना सांगितलं की त्या पोरीशी बोलत जाऊ नको. आमच्या छापखान्यासमोर मोटरसायकल लावून कुणीतरी दुपारभर बसू लागलं. काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

छापखान्याबद्दल सांगायला हवं, कारण मी तिथेच वाढले. बाबा लग्नपत्रिका छापून घर चालवतात आणि पत्रकं छापून जगतात. जिनिंगमधल्या कामगारांची सभा असो, नळाच्या पाण्याचं आंदोलन असो, दारूबंदीसाठी निघालेला बायकांचा मोर्चा असो, पत्रक आमच्याकडे. इतर मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे, आणि वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. माझा पहिला शब्द 'बंधूभगिनींनो' होता, असं आई अजून चिडवते. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या खाली नाव आणि पत्ता हवाच. "ज्याच्याखाली पत्ता नाही ते पत्रक नसते, ती निनावी चिठ्ठी असते. बोलाचं असंन तर सापडाची तयारी ठेवाची." मी हे वाक्य आयुष्यभर मिरवलं. आणि मीच एक दिवस अशी झाले, जिचा पत्ता कुणालाही कळू द्यायचा नाही.

आधी तक्रार केली. बाबा आणि मी त्याच्याच ठाण्यात गेलो. तिथल्या मोठ्या साहेबांनी आम्हाला चहा पाजला, ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, पोट्ट्याचा जीव आहे तिच्यावर. पक्की नोकरी आहे, व्यसन नाही. आणखी काय पायजे पोरीले?"

बाबा म्हणाले, "तिले तो नाही पायजे. एवढंच आहे."

तक्रार घेतली गेली नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तू जाय इथून. पळून नाही जाऊन राह्यली तू. जागा बदलून राह्यली. लढाई तीच आहे."

"घरच्या पोरीशी तरी पत्रकासारखं नका बोलू," आई म्हणाली, आणि माझी बॅग भरायला घेतली.

यवतमाळला एका वसतिगृहात राहिले. थोड्याच दिवसांत रेक्टरबाई आनंदाने सांगत आल्या, "तुझे घरचे साहेब आले होते गं. किती साधे. तुझी चौकशी करत होते. मी खोली दाखवली त्यांना." मी त्याच दिवशी सामान उचललं.

मग हे शहर. त्याचं नाव लिहीत नाही, क्षमा करा. इथे मी एका पीजीत राहते, शिफ्ट करते, भाजीवाल्याशी त्याच्या भाषेत मोडकंतोडकं बोलते आणि तो मला मोडक्या हिंदीत उत्तर देतो. गेटवर ॲपवर कोड येतो, कोड नाही तर आत प्रवेश नाही. पार्सलं रूममेटच्या नावाने मागवते. ऑफिसात कुणी विचारलं की गाव कुठलं, तर "नागपूरच्या बाजूला" सांगते. दिग्रसचं नाव घ्यायला जीभ शिवशिवते. आई शेजारच्या शबाना खालाच्या फोनवरून बोलते. आधी खाला येते, "बेटा, खाना खाया के नहीं," मग आई येते आणि तेच विचारते. दोन बायका एकाच फोनवर एकीमागून एक माझं जेवण तपासतात. गावात असताना ह्याच प्रश्नाचा मला कंटाळा यायचा.

तुम्हीही कुणी असेच निघून गेला असाल तर ओळखाल. आपल्याकडे माणसाची विचारपूस करणं हा धर्म आहे. "पोरगी कुठी असते सध्या?" या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणणं म्हणजे उद्धटपणा. उलट पत्ता, ऑफिस, पगार, बसचा नंबर, सगळं अभिमानाने सांगायचं. याच्यावर त्याने डाव मांडला.

एका सकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. आमच्या पीजीचं निळं गेट, शेजारची इस्त्रीवाल्याची गाडी. खाली एकच ओळ: "जागा चांगली आहे." यावेळी लोकेशन काढून मला शोधलं नव्हतं. सिम माझ्या नावावर नव्हतंच. मी शबाना खालाच्या फोनवर आईला गाठलं, आईने बोरी अरबच्या मावशीला, आणि मावशीने मला फोन केला. तिच्या आवाजात अजून कौतुक होतं.

"अवं बाई, आलते ना साहेब. बूट बाहेर काढले, माह्या पाया पडले. पोह्याची अख्खी प्लेट खाल्ली अन् म्हणते, मावशी, असे पोहे नाही खाल्ले कधी. तुही इतकी चौकशी केली. म्हणे, लग्नाची पत्रिका पाठवाची आहे पोरीले. मंग सांगतलं मी. ते तू पाठवलेलं पार्सल होतं ना, त्याच्यावरचा पत्ता अन् फोन नंबर वाचून दाखवला. एवढा मोठा माणूस विचारते तं नाही कशी म्हणू?"

"मावशी, तोच आहे तो," मी म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "तो वर्दीत होता ना माय."

मावशीवर मला रागावता आलं नाही. त्या रात्रीपासून मी एका शब्दाला धरून बसले: चौकशी. रेक्टरबाई म्हणाल्या चौकशी, मावशी म्हणाली चौकशी. मायेने ख्यालीखुशाली विचारतात तीही चौकशी, आणि पोलीस करतात तीही चौकशी. एका शब्दाच्या दोन बाजू, आणि तो हव्या त्या बाजूने आत शिरत होता. घरात माया दाखवायची, घराबाहेर वर्दी. खोली सोडून पुन्हा पळता आलं असतं. पण पुढच्या शहरातही माझ्या माणसांनीच त्याला वाट दाखवली असती. मला शहर बदलायचं नव्हतं. उत्तर बदलायचं होतं.

मी पत्रक लिहिलं. त्यात त्याचं नाव नव्हतं, ठाण्याचं नव्हतं. वर्दीतला माणूस घरी येऊन बाईमाणसाचा पत्ता विचारतो तेव्हा काय करावं, एवढंच होतं. समन्स आहे का विचारा, लेखी मागा, ओळखपत्र पाहा, आणि आधी एक प्रश्न करा: कायले पायजे? बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी भाषेतलं एकही अक्षर बदललं नाही. मग विचारलं, "खाली?"

"नाव माझं टाका," मी म्हणाले.

"अन् पत्ता?"

पलीकडून छपाईच्या मशीनचा आवाज येत होता. बाबा त्यांच्या नियमापाशी अडकले होते आणि मी माझ्या जिवापाशी. शेवटी ते म्हणाले, "छापखान्याचा टाकतो. ज्याले तू पायजे, त्यानं माह्याकडे यावं."

ते पत्रक आईने दिग्रसच्या बाजारात वाटलं. शबाना खालाने आपल्या मोहल्ल्यात घरोघरी वाचून दाखवलं, तिच्या हिंदीत, स्वतःच्या दोन शिव्या घालून. आणि मावशीने बोरीच्या बाजारात आपल्या भाजीच्या पाटीशेजारी गठ्ठा ठेवून दिवसभर दिलं. घेणारा विचारी, "काय आहे हे?" ती म्हणे, "वाच. मोठ्यानं वाच. मीबी चुकली होती."

तो पुन्हा तिच्याकडे गेला, कारण मी त्याच शहरात खोली बदलली होती. हे मावशी आता कुणालाही रंगवून सांगते, पण जबाबात तिने दिलं ते एवढंच: त्याने बूट काढले. तिने खुर्ची दिली. त्याने विचारलं, नवीन पत्ता काय?

"कायले पायजे?"

"सरकारी काम आहे, मावशी."

"मंग सरकारचा कागद दाखवा. कागद नसंन तं पोहे खा अन् जा."

शेजारच्या बाया दारात जमल्या. त्यातल्या एकीने मोबाइलवर सगळं घेतलं. त्याने पोहे खाल्ले नाहीत.

तो व्हिडिओ, तो फोटो आणि मावशीचा जबाब घेऊन आम्ही जिल्ह्याच्या वरिष्ठांकडे गेलो. या वेळी चहा मिळाला नाही, पोच मिळाली. गुन्हा दाखल झाला. त्याला दूर हलवलं. कोणत्या गुन्ह्याच्या तपासाच्या नावाखाली त्याने माझं लोकेशन मागवलं होतं, हे आता त्याला विचारलं जातंय. आणि सरकारी कागदावर तोच शब्द आलाय, पण या वेळी त्याच्या नावापुढे: विभागीय चौकशी.

हे संपलेलं नाही. निरोप येत असतात. "मिटवून घ्या, पोट्ट्याची नोकरी जाईल." "पोरीचं पुढे लग्न व्हायचं आहे." त्याची नोकरी मी घालवत नाही, त्याने जे केलं ते घालवेल. मी मिटवणार नाही. साक्षीला मी दिग्रसला येणार आहे, आणि या वेळी फाट्यावर उतरणार नाही. भर दुपारी स्टँडवर उतरेन, गर्दीतून चालत छापखान्यात जाईन, आणि पोचले की आईला तिच्याच फोनवर फोन करेन, ती समोर उभी असली तरी.

घर म्हणजे काय, असं इथे मला कधी कधी विचारतात. पूर्वी मी म्हणाले असते, जिथला पत्ता खाली छापता येतो ते. आता म्हणेन, ज्यांना माझा पत्ता माहीत आहे आणि जे तो सांगत नाहीत, ती माणसं. दिग्रसच्या एका गल्लीत, बोरीच्या एका ओसरीवर ती आहेत. माझं घर तेवढं आहे, आणि पुरेसं आहे.

पण माझ्यासारख्या पुष्कळ मुली निघून गेल्या आहेत, आणि त्यांच्या मावशीपर्यंत हे पत्रक पोचलेलं नाही. म्हणून मागणं तुमच्याकडे आहे. आजच घरातल्या सगळ्यात मायाळू, सगळ्यात बोलक्या माणसाला हे वाचून दाखवा. आणि तुमच्या दारात कुणी आला, कितीही अदबीने, कोणत्याही कपड्यात, आणि एखाद्या मुलीचा पत्ता विचारू लागला, तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि पत्त्याच्या आधी हे एवढं विचारा:

कायले पायजे?