औषध अंगात असेपर्यंत

"गाठ मंदगतीची आहे," पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "पण ती यकृतापर्यंत पोहोचली आहे." माझी पत्नी शोभा हिने 'मंदगती' ऐकली, मी 'यकृत' ऐकले.

आजाराचे नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची गाठ. कितीतरी महिने पोटात मुरडा येई, चेहरा एकाएकी लाल होई. भूमजवळ माझे दूध संकलन केंद्र आहे. पहाटेची धावपळ आणि तिखट खाणे यांना दोष देऊन मी स्वतःची समजूत घालत राहिलो. ज्यांना असे होत असेल, त्यांनी अशी समजूत घालू नये.

शस्त्रक्रिया शक्य नव्हती. उपाय होता ल्युटेशियम थेरपीचा. ल्युटेशियम या किरणोत्सर्गी धातूचे अणू एका औषधाला जोडून शिरेतून देतात. ते औषध गाठीच्या पेशींना चिकटते आणि तिथेच किरण सोडते. मात्र गाठी त्याला धरून ठेवतील का, हे आधी पेट स्कॅनवर पाहावे लागते. त्या स्कॅनसाठी गॅलियम हे किरणोत्सर्गी द्रव्य लागते. ते तयार करून देणारे रुग्णालयातले यंत्र काळानुसार क्षीण झाले होते आणि नवे परदेशातून यायचे होते. तपासणी न होताच आम्ही परतलो, पुन्हा गेलो, पुन्हा परतलो. प्रतीक्षालयातल्या खुर्च्यांवर बसून मी भिंतीकडे पाहत असे.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता तांब्याने पाहू." कॉपर-६४ हे तांब्याचे किरणोत्सर्गी रूप अणुभट्टीत तयार करतात. गॅलियम तासाभरातच निम्मे होते, म्हणून ते दूर पाठवता येत नाही. हे तांबे निम्मे व्हायला अर्धा दिवस घेते, त्यामुळे मुंबईहून गाडीने पुण्याला पोहोचते.

"मंजी दुधावानीच की," शोभा म्हणाली. "लवकर नासंल ते गावातच इकायचं, टिकंल ते सोलापूरला धाडायचं."

"अगदी तसंच, मावशी," डॉक्टर हसले.

स्कॅनवर गाठी उजळल्या. आपल्याच यकृतातली रोगाची ठिकाणे पाहून आनंद व्हावा, अशी वेळ माणसावर येते.

"घरी लहान मूल, गरोदर बाई?" डॉक्टरांनी विचारले. "औषध अंगात असेपर्यंत तुमच्या शरीरातून थोडे किरण बाहेर पडतील. काही दिवस त्यांच्याजवळ जायचं नाही."

आमची लेक अश्विनी तामलवाडीला सासरी असते. तिला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे म्हणून शोभाने आतली खोली सारवून ठेवली होती. 'लेकीला आणू नका' असे डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मीच ठरवले. फोनवर सांगितले, "औंदा तिकडंच राहा." कारण दिले नाही. ती म्हणाली, "बरं, आप्पा." तिला भीतीपासून वाचवतो आहे, असे मला वाटत होते. आज विचार करता कळते, मला तिचे रडणे ऐकायचे नव्हते.

पहिला डोस घेऊन मी केंद्रामागच्या खोलीत एकटा राहू लागलो. एका दुपारी समोर रिक्षा थांबली. अश्विनी उतरली.

"पुढं येऊ नको!" मी ओरडलो.

"न्हाय येत. आईनं सांगितलं समदं." ती रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बसली. "सासूबाई इचारत्यात, माहेरात खाट न्हाय व्हय गं? काय सांगू त्यांना?"

"तुझ्यासाठीच केलं, बाळ."

"माझ्यासाठी व्हतं तर मला इचारायचं. म्या डॉक्टरास्नी फोन केला. घरात मी राहते, तुमी इथं राहा. ते सांगतील तवा या. आन् येताना दाढी करून या, लई भेसूर दिसताय."

मी हसलो. तिचे पाय सुजले होते. एवढा रस्ता ओलांडून तिच्या डोक्यावर हात ठेवावा, याखेरीज मला त्या क्षणी काहीही नको होते. आम्ही ओरडून बोलत राहिलो. गल्लीने सगळे ऐकले.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर मी घरी गेलो. काही आठवड्यांनी नात जन्मली, आणि लगोलग दुसऱ्या डोसची तारीख आली. ती पुढे ढकलावी, असे मनात फार आले. परंतु ल्युटेशियम तयार होताच ओसरू लागते. कुणीतरी माझ्यासाठी ते तयार केले होते, कुणीतरी ते गाडीत ठेवले होते. त्या अनोळखी हातांना मी पाठ कशी दाखवणार?

तुमच्यावर ही वेळ आली, तर घरच्यांना आधी सांगा. अंतर किती ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने वाढवू नका.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अश्विनीने बाळ माझ्या हातांत दिले. "घ्या आप्पा, मन भरंस्तोवर घ्या."

मन भरले नाही. ते भरायला अजून पुष्कळ दिवस लागणार होते, म्हणून सकाळी मी पुण्याची गाडी धरली.